पितळी जाळीच्या आड

आमच्या मोहल्ल्यातल्या जमातखान्याचे काम मागच्या वर्षी रमजानच्या तोंडावर पूर्ण झाले. पैसा आखातातल्या पोरांनी पाठवला. डेकोरेटर मुंबईहून आला. छताला पीओपी, भिंतीला लाकडी पट्ट्या, आणि समोरच्या भिंतीत आठ कोनी ताऱ्यांची पितळी जाळी. ईदच्या दिवशी येणारा प्रत्येक पाहुणा मान वर करून बघत होता. मलाही ते आवडले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून कुणी म्हणेल की या माणसाला चांगले काही बघवत नाही.

त्याच हॉलच्या वर, मागच्या बाजूला, मुलींची अभ्यासिका आहे. दहा-बारा मुली येतात. कुणी नीटची तयारी करते, कुणी नर्सिंगची, दोघी एमपीएससीच्या मागे आहेत. बहुतेकींच्या घरी दोन खोल्या आणि सात माणसे. घरात अभ्यास होत नाही म्हणून तर त्या इथे येतात.

पावसाळ्यात एका संध्याकाळी मी टाकीचा पंप बघायला वर निघालो, तर जिन्यात चार-पाच मुली पायऱ्यांवर मोबाईल आणि वह्या घेऊन बसलेल्या. मी विचारले, "आत खुर्च्या आहेत, पंखा आहे, इथं कशाला बसलात?"

एक म्हणाली, "चाचा, आत लेक्चर नुसतं गोल फिरत राहतं. नेट पाचव्या पायरीपर्यंतच येतं."

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. वजूखाना जिन्याला लागूनच आहे. पुरुष येऊ लागले, तशा मुली वह्या गोळा करून उठल्या आणि आत जाऊन बसल्या. नमाज संपून गर्दी ओसरेपर्यंत त्यांचे लेक्चर बंद. रोजचेच आहे, असे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की मला पंपाचे काम आठवेना.

खाली येऊन मी वायफायचा डबा शोधला. आधी तो भिंतीवर उघडा होता. आता दिसेना. शेवटी हॉलच्या वॉचमनने पितळी जाळीकडे बोट दाखवले. जाळीमागे भिंतीत खाच, खाचेत लोखंडी पेटी, पेटीत ॲक्सेस पॉइंट. डेकोरेटरचे म्हणणे होते की तो पांढरा डबा भिंतीला ताटली चिकटवल्यासारखा दिसतो. ट्रस्टी मंडळींना ते पटले. कुणी वर जाऊन बघितले नाही.

मी आयटीआयचा वायरमन. आयुष्याची बारा वर्षे कतारमध्ये काढली आणि त्यातली शेवटची काही हॉटेलांत केबल ओढण्यात आणि हेच डबे बसवण्यात. तिथले इंटिरियरवाले आपल्या डेकोरेटरपेक्षा शंभरपट हट्टी. त्यांना भिंतीवर एक स्क्रू दिसलेला चालत नसे. तरीही छत बंद करण्याआधी प्रत्येक खोलीत, अगदी न्हाणीघराच्या दारापाशीसुद्धा, सिग्नल मोजला जाई, कारण तिथे तक्रार करणारा पाहुणा पैसे देणारा होता. आमच्या जिन्यात बसणाऱ्या मुली पैसे देत नाहीत. एवढाच फरक.

म्हणून मला डेकोरेटरचा राग नाही. राग आहे तो या सवयीचा, की एखादी गोष्ट 'व्यवस्थित' झाली की नाही हे तिच्या सर्वांत जवळ बसलेली माणसे ठरवतात. पेटीच्या समोर दहा फुटांवर बसणाऱ्याला जाळीतूनही नेट मिळते. त्याच्या दृष्टीने काम उत्तम झाले. ज्याची किंमत मोजली गेली ती माणसे त्या बैठकीत नव्हती.

आता थोडे शास्त्र, कारण त्याशिवाय हे भांडण नुसते भावनेचे राहील.

वायफायची लहर आणि उजेड एकाच घराण्यातले आहेत. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी. फरक लांबीचा. उजेडाची लहर केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितेपेक्षा थोडी जास्त. ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर. या फरकामुळेच एक मोठी सोय झाली आहे. सुकी पातळ फळी उजेड पूर्ण अडवते, पण वायफायला फारशी अडवत नाही. प्लायवूड, वेत, सुती कापड, साधे प्लास्टिक, जिप्सम बोर्ड यांचेही तसेच. म्हणजे डोळ्याला न दिसता काम करणारा डबा बसवणे पूर्ण शक्य आहे. सौंदर्य आणि सिग्नल यांचे मुळात वैर नाही.

वैर आहे ते धातूशी. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूचा पत्रा लावलेली खोली बनवून दाखवून दिले की बंद धातूच्या आत बाहेरच्या विजेचा परिणाम पोचत नाही. आपली लोखंडी पेटी ही त्या खोलीची धाकटी बहीण. आणि जाळीला भोके आहेत म्हणून लहर बाहेर येईल, हा गैरसमज दूर करायला कुठे लांब जायला नको. घरात मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर त्याचे दार बघा. काचेच्या आत बारीक भोकांची धातूची जाळी असते. भोकांतून उजेड बाहेर येतो, म्हणून आतले अन्न दिसते. पण २.४५ गिगाहर्ट्झची लहर त्या भोकांपेक्षा फार लांब, ती आतच राहते. म्हणून आपण दारासमोर निर्धास्त उभे राहतो. वायफायची लहर जवळजवळ त्याच लांबीची. आपल्या पितळी ताऱ्यांची भोके ओव्हनच्या भोकांपेक्षा मोठी आहेत, म्हणून थोडे नेट बाहेर पडते. पण साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला बोटाएवढे भोक म्हणजे दरवाजा नव्हे. डोळ्यांसाठी ती जाळी, लहरीसाठी जवळपास भिंत.

आरसाही तसाच, कारण त्याच्या पाठीला धातूचा थर असतो. दुकानांच्या पाट्यांना आणि आता छतांनाही लावतात त्या एसीपी शीट दिसायला प्लास्टिकच्या, पण दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम. चमकणारा मेटॅलिक रंग, जरीचा पडदा, काही रंगीत काचांवरची फिल्म, सगळ्यांत धातू लपलेला असू शकतो. पाणी वेगळ्या प्रकारे त्रास देते. ते लहर पिऊन टाकते. त्यामुळे माशांच्या टाकीमागे राउटर ठेवणे म्हणजे विहिरीत हाक मारणे. आणि आपल्या कोकणातला जांभ्याचा जाड चिरा पावसात भिजला की तोही सिग्नल चांगलाच खातो.

मला जाळीबद्दलच बोलायचे आहे, कारण ती आपली आहे. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद १५७३ ची. तिथल्या दगडी जाळीत झाड आणि फांद्या कोरल्या आहेत, ते बघायला जगभरातून लोक येतात. आपल्या मराठवाड्यात बीबी का मकबऱ्यात दिलरस बानोंच्या कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. ती नुसती नक्षी नाही. जाळी कोरणाऱ्या कारागिराने आधी एक प्रश्न सोडवलेला असतो: आत काय येऊ द्यायचे आणि काय अडवायचे? वारा यावा, ऊन गाळून यावे, कबरीची अदब राहावी, आणि तरी फातिहा पढायला आलेल्याला आतले दिसावे. जाळी म्हणजे अडवण्याची आणि वाट देण्याची एकत्र केलेली सोय. आमच्या डेकोरेटरने तिचा आकार उचलला आणि तो प्रश्न मुंबईतच विसरून आला. दगडाची, लाकडाची किंवा एमडीएफची तीच जाळी असती, मागे लोखंडी पेटी नसती, तर तेच आठ कोनी तारे तसेच दिसले असते आणि लहरही बाहेर आली असती.

मी हे ट्रस्टींसमोर मांडले. जी उत्तरे मिळाली ती मोहल्ल्यामोहल्ल्यांत मिळतात, म्हणून एकेक घेतो.

पहिले उत्तर: "मुली तरी अभ्यासच करतात कशावरून? रील बघत असतील." जाळीच्या अगदी समोर, पूर्ण सिग्नलमध्ये, रोज रात्री इशानंतर आठ-दहा पोरे बसलेली असतात. ती काय बघतात हे आजवर एकाही ट्रस्टीने विचारलेले नाही. नेटच्या पात्रतेची परीक्षा फक्त वरच्या मजल्याला का? चारित्र्याची काळजी असेल तर मुली जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत बसतात, याची आधी काळजी करा. त्यांना आत बसवायची सोय याच पेटीने मोडली आहे.

दुसरे उत्तर: "सेटिंगमध्ये जाऊन पॉवर वाढवू." वायफाय हा रेडिओ नाही, संभाषण आहे. डबा बोलतो आणि मोबाईल उत्तर देतो. मोबाईलचा आवाज मुळात लहान. डब्याने मोठ्याने ओरडले तर मुलीच्या फोनवर दांड्या जास्त दिसतील, पण तिच्या फोनचे उत्तर त्याच लोखंडी पेटीवर आपटून परत जाईल. दांड्या दिसतात आणि लेक्चर फिरत राहते, याचे एक कारण हे असते.

तिसरे उत्तर जरा दबक्या आवाजात आले: "झाकलेलं बरं, किरणं कमी लागतात." डब्याची रेडिओ-शक्ती वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि चार पावले दूर गेले की ती आणखी विरळ होते. ती लहर एक्स-रे सारखी नव्हे, अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढण्याइतका जोर तिच्यात नाही. उलट गंमत बघा. वायफाय मिळाले नाही की मुली मोबाईल डेटावर जातात, आणि जाड भिंतींच्या आत टॉवरचा सिग्नल कमजोर असला की फोन आपला जोर वाढवून बोलतो. म्हणजे किरणांच्या भीतीने डबा पेटीत घातला आणि जास्त जोराने बोलणारा फोन मुलीच्या हातात दिला.

चौथे उत्तर ट्रस्टींचे नव्हे, माझ्याच धंद्यातल्या भावांचे. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "चाचा, सिग्नल महत्त्वाचा. डबा भिंतीवर ठोका, केबल लोंबू द्या, कोण बघतंय?" मला हेही मान्य नाही. लोक बघतात. इबादतीच्या जागेशेजारी नीटनेटकेपणा ही अदब आहे, चैन नाही. आणि व्यवहाराचेही सांगतो. कुरूप बसवलेला डबा आज ना उद्या कुणीतरी लपवतोच, आणि लपवणारा लहरींचा विचार करत नाही. घराघरात बघा. केबलवाला दाराशी राउटर लटकवून जातो. आठवड्याभरात तो टीव्हीच्या मागे जातो, तिथून शोकेसच्या कप्प्यात, तिथून लोखंडी कपाटावर. अम्मी वरून क्रोशाचा रुमाल घालतात. रुमालाने लहर अडत नाही, पण हवा अडते, डबा तापतो आणि मग दुपारी तीन वाजता 'नेट गेलं' म्हणून घरभर बोंब. आमच्या जमातखान्यातही मूळ दोष आम्हा बसवणाऱ्यांचाच. पहिल्या दिवशी तो डबा नीट बसवला असता, तर पेटीत कोंबायची इच्छा कुणाला झाली नसती.

मग नीट म्हणजे काय? हॉटेलांतले शिकलेले सांगतो, घरालाही लागू पडते.

आधी जागा ठरवा, मग सजावट. डबा माणसे बसतात त्यांच्या मधोमध, उंचावर हवा. छताचा गोल ॲक्सेस पॉइंट छतालाच लावा. तो खाली आणि बाजूंना लहर पसरवण्यासाठी बनवलेला असतो. पांढऱ्या छतावर पांढरी चकती धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखी दिसते, दोन दिवसांत कुणाचे लक्षही जात नाही. डोळ्यात खुपतो तो बहुतेक वेळा डबा नसतो, त्याचा निळा दिवा असतो. बहुतेक चांगल्या डब्यांत तो दिवा सेटिंगमधून बंद करता येतो. अर्धी तक्रार तिथेच संपते.

उरलेली तक्रार केबलची. केबल प्लास्टरच्या आधी पाइपातून घ्या, नाहीतर छताच्या कडेने रंगाला जुळणाऱ्या केसिंगपट्टीतून. पीओईचा डबा असेल तर त्याच एका केबलमधून नेट आणि वीज दोन्ही जातात, वेगळा प्लग आणि अडॅप्टर लटकत नाही. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्या कुठल्याही जमातखान्याला पुरून उरेल.

रंग द्यायचाच असेल तर डब्याच्या कंपनीची परवानगी आहे का ते बघा. काहींची वरची झाकणे रंगवण्यासाठीच मिळतात. रंग साधा, धातूचा अंश नसलेला, पातळ हाताने, आणि हवेची भोके मोकळी. झाकायचाच असेल तर लाकूड, वेत किंवा विणलेले सुती कापड. डबा आणि झाकण यांत तीन-चार बोटे मोकळी, खाली आणि वर हवेला वाट, कारण गरम हवा वर जाते. फॉल्स सीलिंगच्या वर ठेवायची वेळ आली तर खाली जिप्सम किंवा पीव्हीसी आहे ना ते तपासा. धातूच्या टाइल्स आणि एसीचे डक्ट यांपासून दूर ठेवा, आणि हात घालायला झडप ठेवा. आणि शेवटचे, जे कुणी करत नाही: झाकण बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा, सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसून सिग्नल मोजा. मोबाईलवर फुकट ॲप मिळते. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ किंवा त्याहून बरा असला की व्हिडिओ कॉल सहसा अडत नाही.

मागच्या महिन्यात दोन ट्रस्टी तयार झाले. इशानंतर आम्ही जाळी उघडली, डबा पेटीतून काढला आणि त्याच भिंतीवरच्या लाकडी पट्टीला धरला. पाचव्या पायरीवर आकडा उणे ७९ होता तो उणे ६२ वर आला. या मोजणीत दर दहाला दहापट होते, म्हणजे सतराचा फरक हा सुमारे पन्नासपट. एक पैसा खर्च न करता. एक ट्रस्टी स्वतः मोबाईल घेऊन जिना चढले आणि पुन्हा उतरले. काही बोलले नाहीत, पण पेटी परत लावायला सांगितली नाही.

अभ्यासिकेत मात्र आकडा उणे ७६ च्या पुढे सरकला नाही. मध्ये सळ्यांचा स्लॅब आहे आणि चिऱ्याची भिंत. खालचा डबा कितीही नीट बसवला तरी वरच्या खोलीचे काम तो करणार नाही. तिथे दुसरा डबा हवा आणि तिथपर्यंत एक केबल. आपल्या सुताराने लाकडी जाळीचे झाकण करून द्यायचे कबूल केले आहे. हे सगळे मिळून आपण दारावरच्या पितळी नावपाटीवर जे खर्च केले त्याच्या निम्म्यातही होईल. मजुरी मी घेणार नाही.

येत्या जुमाच्या नमाजनंतर बैठक आहे. माझे म्हणणे दोन ओळींचे आहे आणि ते मी इथेही लिहून ठेवतो. एक, वरच्या खोलीसाठी दुसरा डबा आणि केबल मंजूर करावी. दोन, तो कुठे लावायचा हे ठरवताना अभ्यासिकेतल्या दोन मुलींना बैठकीत बोलवावे, आणि मोबाईलवरचा आकडा त्यांनी त्यांच्या खुर्चीवर बसून वाचून दाखवावा. मुलींना बैठकीत बोलावण्याची पद्धत नाही, असे कुणी म्हणेल. त्यांनी रोज मगरिबला वह्या गोळा करून जिन्यातून उठायची तरी कुठे पद्धत होती? ती आपणच पाडली.